मुलं, घर आणि वस्ती : नागपुरातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या वस्त्यांमध्ये पालक, अंगणवाडी ताई, शिक्षक आणि मंडळाची तरुण मुलं यांना एकत्र बसवण्याचं काम आम्ही काही जण करतो. बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, कधी रस्त्यात थांबवून लोक जे विचारतात ते इथे गोळा केलं आहे. आमचं एक ठाम मत आधीच सांगून टाकतो. मुलांसाठी वर्षातून एकदा मंडप टाकून मोठा कार्यक्रम घेण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेल्या दिवशी वीस माणसं सतरंजीवर बसली, तर कितीतरी जास्त काम होतं. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

वस्तीनं मिळून मुलांसाठी काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रत्येक मुलाबद्दल वस्तीत कुणाला ना कुणाला काहीतरी ठाऊक असतं, पण ते तुकड्यातुकड्यानं. सातवीतला एक मुलगा आठवडाभर शाळेत आलेला नाही, हे वर्गाच्या मॅडमना माहीत असतं. त्याची आई बाळंत झाली आहे आणि घरी दुसरं बाईमाणूस नाही, हे आशा ताईला माहीत असतं. भरदुपारी तो धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन दूध न्यायला येतो, हे किराणावाल्या काकांनी पाहिलेलं असतं. बाप बुटीबोरीला रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो, हे शेजारच्यांना ठाऊक असतं. चौघांपैकी कुणाचंच काही चुकत नाही, आणि मुलाचं वर्ष मात्र जातं. हेच चौघं एका सतरंजीवर बसले की दहा मिनिटांत मार्ग निघतो. धाकटी दिवसा अंगणवाडीत, बाळंतिणीजवळ दुपारी शेजारच्या काकू, आणि मुलगा सोमवारपासून वर्गात.

यासाठी नवं काही उभारायला लागत नाही. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेपासून आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) मनपाच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेत. प्रभागात बाल संरक्षण समिती असावी, असं सरकारची योजना सांगते. शिवाय बचत गट, गणेश मंडळ, विहाराची समिती, मशिदीची कमिटी हे सगळे आहेतच. ते एकमेकांना ओळखतातही. फक्त मुलांच्या विषयावर एकत्र बसत नाहीत.

आमच्या घरी सगळं ठीक आहे, मुलं अभ्यास करतात. मग मी का यावं?

तुमचा मुलगा दिवसातले निदान आठ तास तुमच्या घराबाहेर असतो. त्या वेळात त्याच्या आजूबाजूला जी मुलं असतात, त्यांच्या घरात जे चाललेलं असतं, ते त्याच्यापर्यंत पोचतंच. आणि ज्या घरी सगळं ठीक आहे, त्या घराकडे थोडा वेळ आणि थोडी ताकद शिल्लक असते. ज्या आईला सकाळी चार घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी पुन्हा तीन घरी स्वयंपाक असतो, तिच्याकडून आम्ही बैठकीची अपेक्षा कशी करावी? तिच्या मुलासाठी कुणीतरी यायला हवं, म्हणून तुम्ही या.

सुरुवात कुठून करायची?

एका गल्लीपासून. सगळ्या प्रभागाचा विचार पहिल्या दिवशी करू नका. पंधरा-वीस घरी जा, दारात उभं राहून नाही, आत बसून. दोनच प्रश्न विचारा: "मुलांच्या बाबतीत कशाची काळजी वाटते?" आणि "वस्तीत मुलं कुणाचं ऐकतात?" पहिल्या प्रश्नातून विषय मिळतो, दुसऱ्यातून माणसं मिळतात. दुसरा प्रश्न आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. कुठे एखादे निवृत्त पीटीचे सर निघतात, कुठे चक्कीवाल्या मावशी, कुठे ढोलपथकातला एखादा दादा. बैठकीला आधी हीच माणसं बोलवा.

दिवस कायमचा ठरवा. महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवारच. लग्न असो, सामना असो, पाच जण आले तरी बसायचं. वेळ बायांना विचारून ठरवा, बहुतेक ठिकाणी रात्री आठनंतरची निघते. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात दिवसा बैठक ठेवूच नका. पारा ४५ अंशांच्या घरात असताना पत्र्याच्या समाजभवनात कुणी थांबत नाही, आणि थांबूही नये.

एका वेळी एकच विषय घ्या. पहिल्या बैठकीत लोक रस्ता, नाली, पाणी, दारू, मोबाईल, शाळा सगळं काढतात. सगळं वहीत लिहा, कुणाला अडवू नका. शेवटी विचारा की तीन महिन्यांत आपल्या हातानं काय बदलू शकतं, आणि तेवढंच धरा. नाल्यावरची जाळी बसली, बंद दिवा लागला, अशा छोट्या कामानं लोकांचा विश्वास बसतो आणि मग कठीण विषय निघतात. घरातल्या मारहाणीबद्दल पहिल्या बैठकीत कुणीच बोलणार नाही.

नगरसेवकांना बोलवायचं की नाही, हे हमखास विचारलं जातं. जरूर बोलवा, ऐकायला. अध्यक्षपद, हारतुरे, माईक काही नको. सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसले तर त्यांनाही बरंच कळतं.

संस्था रजिस्टर करावी लागते का?

नाही. एक वही, दोन जबाबदार माणसं आणि ठरलेला दिवस एवढं पुरतं. पुढे बाहेरचा निधी घ्यायची वेळ आली तर किमान सात सदस्यांची संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदवता येते. पण त्याची घाई करू नका. नोंदणी झाली की पदं येतात आणि अर्धी बैठक पदांवर जाते.

आमची पोट्टी आठवी-नववीपासूनच खर्रा खातात. काय करायचं?

नागपुरातल्या पालकांचा हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न आहे. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेलं मिश्रण. मुलांना वाटतं की गुटखा वाईट, खर्रा "ताजा" असतो म्हणून चालतो. तसं काही नाही. एकटी सुपारीसुद्धा कॅन्सर करणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच तिला माणसांत कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं.

पालकांनी ओळखायचं कसं? तर्री-पोहे, सावजी आवडीनं खाणारा मुलगा अचानक "तिखट लागतं, तोंडात आग होते" म्हणायला लागला, तर लक्ष द्या. त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. ती जात नसतील तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेऊन दाखवा. हे नुकसान पूर्ण भरून येत नाही, पण खाणं थांबलं तर पुढची मोठी आपत्ती टळू शकते. म्हणून मारू नका, ओरडू नका, घेऊन जा. मार खाल्लेला मुलगा खर्रा सोडत नाही, लपवायला शिकतो.

कायदा पालकांच्या बाजूनं आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत दुकान लावता येत नाही. तिथला दंड मात्र जेमतेम दोनशे रुपयांचा आहे. बाल न्याय कायद्याचं (२०१५) कलम ७७ खरं कडक आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

तरीही आमचा आग्रह असतो की पोलिसांच्या आधी पानठेलेवाल्या भाऊंकडे जा. तेही वस्तीतलेच आहेत, त्यांचीही मुलं आहेत. पाच-सहा आयांनी मिळून जायचं, भांडायचं नाही. "भाऊ, शाळेच्या गणवेशातल्या पोरांना देऊ नका, आणि कोण मागायला येतं ते आम्हाला सांगा." बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी लेखी तक्रार आहेच, आणि ती मुख्याध्यापकांच्या सहीनं गेली तर वजन पडतं. ज्या घरात बाप स्वतः मुलाला खर्रा आणायला पाठवतो, तिथे मात्र ठेलेवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. आधी बापाशी बोलायला हवं.

सोडायचं असेल त्यांनी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, तिथे समुपदेशन मिळतं. दारू आणि इतर नशेसाठी १४४४६ आहे.

असं मिळून काम केल्यानं खरंच फरक पडतो का? कुठे पडलाय?

आइसलँडचं उदाहरण जगभर दिलं जातं. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारूच्या नशेत होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. मुलांना भाषणं देऊन हे झालेलं नाही. शाळाशाळांत नियमित पाहणी केली आणि तिचे आकडे त्या त्या भागातल्या पालकांसमोर ठेवले. खेळ आणि संगीतासाठी पैसे दिले. रात्री उशिरा मुलं बाहेर राहू नयेत यासाठी पालकांनी आपसात करार केले. आई-वडिलांनी मुलांबरोबर जास्त वेळ घालवावा, यावर भर दिला.

तो सगळा देश चार लाखांच्या आतबाहेरचा, आणि श्रीमंत. नागपूर शहरच २०११ च्या जनगणनेत चोवीस लाखांचं होतं. तेव्हा तिथलं जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. पण आकडे पालकांसमोर ठेवणं आणि पालकांनी आपसात ठरवणं, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोली पाहा. तिथे जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि २०१६ पासून मुक्तिपथ अभियानात गावोगावच्या गावसंघटना दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतात, सोबत तालुक्याला व्यसनमुक्तीचे दवाखाने चालतात. बंदी, गावाचं संघटन आणि उपचार अशी तिन्ही कामं तिथे बरोबरीनं होतात. आपल्याकडे नुसतीच बंदी मागितली जाते.

संध्याकाळी मुलं रिकामी फिरतात. त्यांना कुठे गुंतवायचं?

मैदानावर. नागपूरला यासाठी बाहेर बघायची गरज नाही. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, त्यातून पुढे स्लम सॉकर उभं राहिलं आणि इथली मुलं परदेशातल्या स्पर्धांपर्यंत गेली. सुरुवातीला लागला होता एक चेंडू आणि रोज येणारा एक मोठा माणूस. आम्ही तर म्हणू की चेंडूपेक्षा रोज येणारा माणूस जास्त महत्त्वाचा. पाच वाजता कुणीतरी वाट बघतंय हे मुलाला कळलं की तो येतो.

मुलींसाठी वेगळी वेळ राखून ठेवा आणि ती मोठ्या मुलांना मोडू देऊ नका. बहुतेक मैदानांवर मुली दिसत नाहीत, याचं कारण त्यांना खेळ आवडत नाही हे नसतं. मैदानाच्या कडेला कोण उभं आहे आणि परतीच्या वाटेवर दिवा आहे का, यावर ते ठरतं. एखादी आई कडेला खुर्ची टाकून बसली तरी मुलींची संख्या वाढते.

अभ्यासासाठी इंदोरा, पाचपावली भागातल्या विहारांमध्ये अभ्यासिका चालतात. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही आणि पाहुण्यांच्या गलक्यात दहावीचा अभ्यास होत नाही, हे जाणून लोकांनी ती सोय केली. तुमच्या वस्तीत समाजभवन संध्याकाळी कुलूपबंद असेल, तर चावी कुणाकडे आहे ते शोधा. पुष्कळदा काम त्या एका चावीवर अडलेलं असतं.

मुलं सतत मोबाईलवर असतात, यावर बैठकीत काही ठरवता येतं का?

येतं, कारण एकट्या घरानं नियम केला की "बाकी सगळ्यांना देतात" हे उत्तर तयार असतं. एका गल्लीतल्या दहा घरांनी मिळून रात्री साडेनऊनंतर मुलांचे फोन मोठ्यांकडे असं ठरवलं, तर भांडण निम्मं होतं. मोठ्यांनीही त्या वेळी आपला फोन ठेवायला हवा. ऑनलाइन गेममध्ये किंवा फसव्या लिंकवर पैसे गेले तर ताबडतोब १९३० वर कळवा, पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. मुलीला किंवा मुलाला कुणी फोटोवरून धमकावत असेल तर आधी मुलाला सांगा की चूक तुझी नाही, आणि मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे.

सिकलसेलची तपासणी सगळ्यांनीच करायची का? आमच्या घरात कुणाला त्रास नाही.

विदर्भात राहत असाल तर हो, लग्नाआधी नक्की. सिकलसेल हा आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. त्याचा वाहक असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारातली एक असते आणि बाळ वाहक होण्याची निम्मी. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. नागपुरात डागा, मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. पहिली चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती सकारात्मक आली तर पुढची पक्की चाचणी करावी लागते, पहिल्या चाचणीवरच घाबरून जाऊ नका.

वस्तीचं काम इथे दोन प्रकारचं आहे. एक, तपासणी शिबिर कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींसाठी लावणं आणि निकाल गुप्त ठेवणं. निकाल फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर मुलींची लग्नं मोडतात, आणि पुढच्या शिबिराला कुणी येत नाही. दोन, ज्या मुलाला आजार आहे त्याच्या शिक्षकांना समजावणं. अशा मुलाला उन्हात कवायतीला उभं करू नये, पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जायला अडवू नये, आणि अंग दुखतं म्हणाला तर बहाणा समजू नये. थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्हींमुळे दुखणं उठतं. नागपुरात डिसेंबरही कडक आणि मेही कडक, म्हणून वर्षभर सांभाळावं लागतं. दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्राबद्दल रुग्णालयात विचारा.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी आणि मुलांनी जेवणानंतर घ्यावी. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांनी मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मुलगा गप्प गप्प राहतो, जेवत नाही, क्लासला जायला नको म्हणतो. वय आहे म्हणून सोडून द्यायचं का?

दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर सोडून देऊ नका. नीट-जेईईच्या क्लाससाठी चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळहून आलेली मुलं नागपुरात खोल्या घेऊन राहतात. त्यांना तर संध्याकाळी "जेवलास का?" विचारणारंही कुणी नसतं. खोली भाड्यानं देणाऱ्या काकूंनी आणि मेसवाल्या दादांनी एवढं तरी विचारावं. सलग दोन दिवस डबा तसाच परत आला, हे मेसवाल्याला सगळ्यांत आधी कळतं.

मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मेडिकल आणि मेयोत मानसोपचार विभाग आहेत, शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मुलगा मरण्याविषयी बोलला तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, थेट विचारा, ऐका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी पोलिसांच्या भीतीनं घरचे गोष्ट लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जाईल आणि तिला शिक्षा होणार नाही.

शेजारच्या घरात रोज मारहाण होते. आपण मध्ये पडावं का?

पडावं. आवाज आला की दोघांनी जाऊन कडी वाजवावी, काहीही निमित्त काढावं, साखर मागावी. तेवढ्यानं त्या क्षणाचा मार थांबतो. जीवाला धोका दिसला तर ११२. बाईला मदत हवी असेल तर १८१, नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आणि सखी केंद्र. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. चौकशी १५१०० वर करता येते.

मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तर वस्तीच्या बैठकीत ते मिटवू नका. तडजोड नाही, माफीनामा नाही, "मुलीच्या बदनामीचा" विचार नाही. पोक्सो कायद्यानुसार (२०१२) माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. एकदा ऐका, विश्वास ठेवा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आम्ही या एका बाबतीत कुणाचंही ऐकत नाही, वस्तीतला माणूस कितीही मोठा असो.

मुलीचं सतराव्या वर्षी लग्न ठरलंय असं कळलं तर?

१०९८ वर कळवा, नाव गुप्त राहतं. बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार (२००६) मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण हवा. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लावू देणाऱ्या आई-वडिलांनाही शिक्षा होऊ शकते. मात्र लग्न अडवून काम संपत नाही. बहुतेक वेळा शाळा सुटलेली असते आणि घरी मुलीची काळजी घ्यायला कुणी नसतं, म्हणून ते ठरलेलं असतं. तिला पुन्हा शाळेत घालणं हे खरं काम.

नवरा वारला, मी एकटी मुलं वाढवते. काही मदत मिळते का?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका पालकाच्या किंवा अनाथ मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. कागद बरेच लागतात: मृत्यू दाखला, रहिवासी, उत्पन्न, शाळेचा बोनाफाईड. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलानं किंवा मुलीनं सोबत जाऊन फाइल पूर्ण करून दिली तर काम होतं, नाहीतर पहिल्या परतीच्या फेरीतच बाया अर्ज सोडून देतात. मजुरीचा दिवस बुडवून तिसऱ्यांदा कोण जाणार? १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर मुलगी झाली असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचंही अंगणवाडीत विचारा.

बैठकीला फक्त बायाच येतात. पुरुष कसे येतील?

"पालकसभा आहे, या" म्हटल्यानं येत नाहीत. काम सांगितलं तर येतात. मैदान सपाट करायचं आहे, गोलपोस्ट वेल्डिंग करायचा आहे, अभ्यासिकेत वायरिंग करायची आहे. हाताला काम लागलं की ते पुन्हा येतात आणि कामाच्या जागीच मुलांविषयी बोलणं निघतं. ज्यांनी दारू सोडली आहे अशा बापांना पुढे बसवा. त्यांचं म्हणणं दुसरे बाप ऐकतात, आमचं ऐकत नाहीत.

वस्तीत वेगवेगळ्या धर्माचे, पक्षाचे लोक आहेत. वाद होणार नाहीत का?

होतात. म्हणून बैठक एकाच ठिकाणी ठेवू नका. एक महिना विहारात, पुढे मंदिराच्या ओट्यावर, मग मदरशाच्या खोलीत, मग शाळेत. मुलांच्या वाढीचे प्रश्न सगळ्या घरी सारखेच असतात, हे त्या त्या जागी बसल्यावर कळतं. निवडणुकीच्या दिवसांत बैठक चालू ठेवा, पण प्रचाराला मनाई असा नियम आधीच वहीत लिहा.

सणांचा उपयोग करा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन सगळी लहान मुलं रस्त्यावर येतात आणि त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. मारबत हा नागपूरचाच सण, त्यात बडग्यांमधून, म्हणजे सोबतच्या पुरुषी पुतळ्यांमधून, समाजातल्या वाईटावर बोट ठेवायची जुनी रीत आहे. मुलांनी स्वतः खर्ऱ्याचा बडग्या केला आणि "खर्रा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी दिली, तर ती गोष्ट कोणत्याही पोस्टरपेक्षा लांब जाते.

पैसे कुठून आणायचे?

फार लागत नाहीत. सतरंजी, चहा, वही, चेंडू. वर्गणी छोटी ठेवा, हिशेब दर बैठकीत वाचा. मोठी देणगी देणारा फलकावर नाव मागणार असेल तर विचार करून घ्या.

मुलांचे फोटो टाकले तर चालतात का?

आई-वडिलांना आणि मुलालाही विचारून, खेळाचे, कार्यक्रमाचे चालतात. अत्याचार झालेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता यातलं काहीही उघड करणं गुन्हा आहे. मदत घेताना रांगेत उभं केलेल्या मुलांचे फोटो आम्ही कधीच काढत नाही. ते मूल उद्या मोठं होणार आहे.

आपल्या कामानं फरक पडतोय हे कसं कळेल?

चार-पाच गोष्टी मोजा आणि दर तीन महिन्यांनी लिहा. सलग आठवडाभर शाळेत न आलेली मुलं किती, मैदानावर मुली किती, दहावीला बसलेल्यांपैकी अकरावीला किंवा आयटीआयला किती गेले, अभ्यासिकेत रात्री नऊला किती जण आहेत, बैठकीला किती बाप आले. आकडे खाली गेले तरी लपवू नका, त्यावरच पुढची बैठक घ्या. वर्षभरात सगळं बदलेल अशी आशा लोकांना दाखवू नका. आठवीतली मुलं बारावी पार करेपर्यंत हे काम करायचं आहे, असं पहिल्याच दिवशी सांगा.

झोन ऑफिसात कुणी दाद देत नाही. मग?

आधी बरोबर ठिकाणी गेलात का ते पाहा. मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. पुष्कळ जागा नागपूर सुधार प्रन्यासच्या असतात, तेव्हा मैदानाचा अर्ज भलत्याच कार्यालयात जातो आणि महिने निघून जातात. जागा कुणाची आहे हे आधी काढा.

तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. अर्जावर एकाची सही नको, तीस घरांच्या सह्या हव्यात, त्यात शाळेच्या मुख्याध्यापकांची आणि अंगणवाडी ताईंची असली तर उत्तम. महिनाभरात हालचाल झाली नाही तर दहा रुपयांच्या शुल्कावर माहिती अधिकारात विचारा की आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आलेलं उत्तर पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा आणि पुन्हा कोण जाणार ते तिथेच ठरवा.